स्वतः राजीनामा द्यायचा की कंपनीला काढू द्यायचं?

नाशिकच्या एमआयडीसीत, अंबड, सातपूर, सिन्नर, कुठेही काम करत असाल तर हे कानावर आलंच असेल, ऑर्डर कमी झाल्या की एचआर एकेकाला केबिनमध्ये बोलावतात आणि सांगतात, "तुम्हीच रिझाइन द्या, रेकॉर्ड क्लीन राहील, नाहीतर आम्हाला काढावं लागेल." माझ्यावर ही वेळ आली होती म्हणून लिहितोय.

पीएफ दोन्हीकडे तुमचाच, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच. ग्रॅच्युइटीलाही फरक नाही, 5 वर्षं भरली असतील तर राजीनामा दिला तरी मिळते. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या लेबर कोडमध्ये (कामगार कायद्यांत) तर राजीनामा असो की कपात, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. त्यामुळे यावर जास्त डोकं लावू नका.

खरा फरक नुकसानभरपाईत आहे. काम नाही म्हणून कंपनीने कमी केलं तर कामगाराला निदान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. जुन्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हेच होतं, नव्या कोडमध्येही ते राहिलंय. म्हणजे आठ वर्षं झालेल्या माणसाचे साधारण चार पगार आणि वर नोटीसचा एक. राजीनाम्यावर सही केली की हे सगळं गेलं, कारण मग कागदावर तुम्ही स्वतःहून गेलात.

माझं ठरलं ते मात्र पैशामुळे नाही, त्या कागदामुळे. राजीनामा आधीच टाइप करून ठेवला होता, माझं नाव, तिकीट नंबर (कंपनीतला कामगार क्रमांक), त्याच दिवसाची तारीख, "वैयक्तिक कारणास्तव स्वखुशीने", आणि खाली बारीक अक्षरात "माझे कंपनीकडे कोणतेही येणे बाकी नाही." हिशोब तर अजून कोणी केलाच नव्हता! घरी नेऊन वाचतो म्हटलं तर नाही म्हणाले, फोटोही काढू देईनात, सेकंड शिफ्ट आत यायच्या आधी सही पाहिजे. इतकी वर्षं मशीनवर उभं राहिल्यावर माझं कारण दुसऱ्याने लिहायचं आणि मी फक्त सही करायची, हे मला सहन झालं नाही. मी म्हटलं, काढायचंय तर तुमच्या लेटरहेडवर काढा. बराच वेळ आवाज चढले, मग तसं पत्र मिळालं.

रेकॉर्डची भीती मलाही होती. पण इथे कुठल्या प्लँटमध्ये कपात झाली ते त्रिमूर्ती चौकातल्या चहाच्या टपरीवर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं, राजीनामा दिला म्हणून काही झाकून राहत नाही. सिन्नरच्या इंटरव्ह्यूत मला विचारलं का सोडलं, मी म्हटलं लाइन बंद झाली, हे पत्र. पुढचा प्रश्न थेट कामावर आला. सगळीकडे असंच होईल असं नाही म्हणत, माझ्या बाबतीत झालं.

राजीनामा कधी बरा, तर दुसरी ऑफर हातात असेल तेव्हा, प्रश्नच नाही. गैरवर्तनाची चार्जशीट निघाली असेल तर गोष्ट वेगळी, त्यात बडतर्फ झालात तर ही भरपाई नाही आणि काही प्रकरणांत ग्रॅच्युइटीही अडकते, तिथे आधी वकिलाला किंवा युनियनला विचारा. आणि मॅनेजर लोकांना, किंवा ज्यांना वर्षही भरलेलं नाही त्यांना हे गणित लागू होत नाही, त्यांनी अपॉइंटमेंट लेटरमधली नोटीसची अट बघावी.

घरात आजारपण आहे, भांडायची ताकद नाही, म्हणून सही करणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण करायचीच असेल तर आधी रक्कम ठरवून लेखी घ्या, "स्वखुशीने" आणि "येणे बाकी नाही" हे दोन्ही खोडायला लावा, आणि कॉपीवर शिक्क्यासकट पोच घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नका. ऐकत नसतील तर कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज देता येतो.