लूमीचा चहा: अख्खं सुकं लिंबू घ्या, पुडीच्या वाटेला जाऊ नका

दुबईत देराच्या मसाला बाजारात किंवा मस्कतला मुत्रहच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, पोत्यांच्या रांगेत एक पोतं असतं, त्यात सुपारीपेक्षा मोठे, वजनाला अगदी हलके, मातकट किंवा काळे गोळे. हीच लूमी. मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात कडक वाळवलेली छोटी लिंबं, आपल्या कागदी लिंबाचीच भावंडं. इराकात यांना नूमी बसरा म्हणतात, कारण हा माल ओमानकडून जहाजाने बसऱ्याच्या बंदरात उतरायचा. इराणी लोक म्हणतात लिमू अमानी, म्हणजे ओमानी लिंबू. ज्याला जिथून मिळालं, त्याने तिथलं नाव दिलं.

याचा चहा इराकात घरोघरी होतो. चहा म्हणायचा एवढंच, त्यात चहापत्तीचा कणही नसतो. बगदादच्या मुतनब्बी रस्त्यावरचं शाहबंदर हे १९१७ पासूनचं कॅफे, तिथेही हा चहा इस्तिकान नावाच्या कमरेत बारीक काचेच्या पेल्यात मिळतो. चव आंबट, जराशी कडसर, मागे किंचित धुरकट. दोन-तीन वर्षं मुरून काळं पडलेल्या लिंबाच्या लोणच्याची बरणी उघडल्यावर जो वास येतो, त्याच्या जवळ जाणारा, फक्त तेल आणि मसाला वगळून. ज्यांना तो वास आवडतो त्यांना हा चहा पहिल्या घोटात पटतो. बाकीच्यांनी साखर जरा सढळ हाताने घालावी.

बाजारात तीन प्रकार मिळतात. फिकट तपकिरी अख्खी, काळी अख्खी आणि पूड. चहासाठी तपकिरीच घ्यावी. तिचा आंबटपणा स्वच्छ असतो आणि पेल्यात रंग मधासारखा उतरतो. काळी लूमी जास्त दिवस वाळलेली, चवीला गडद आणि कडवटपणाकडे झुकलेली. मजबूससारख्या भातात किंवा मटणाच्या रश्श्यात ती शोभते, चहात दांडगाई करते. पूड मात्र चहासाठी पैसे वाया. बहुतेक पुडीत बियाही दळलेल्या असतात, त्यामुळे पाणी कडू होतं, आणि तळाशी गाळ बसतो तो वेगळाच. शिवाय सालीतला सुगंध दळल्यावर फार टिकत नाही.

निवडताना लूमी कानाशी धरून हलवावी. आत बिया खुळखुळल्या तर नीट वाळलेली. जड लागली, दाबल्यावर साल आत गेली, तर आत ओल आहे, ती घेऊ नये. बारीक भोकं दिसली तर कीड. फोडल्यावर आतला गर काळपट, चिकट किंवा भुसभुशीत निघतो, तो तसाच हवा. घाबरून फेकू नका. राखाडी-हिरवी लव किंवा दमट गोदामाचा वास आला, तर मात्र ती लूमी कचऱ्यात.

कृती सोपी आहे, पण बिघडते ती नेमकी घाईत. अर्धा लिटर पाण्याला दोन लूमी. आधी धुऊन घ्याव्यात, सालीवर धूळ असतेच. मग खलबत्त्यात हलकेच एक ठोका. चार-पाच तुकडे झाले की पुरे, कूट नको. आता सगळ्यात महत्त्वाचं काम: बिया एकूण एक वेचून काढायच्या. लिंबवर्गातल्या फळांच्या बियांत कडू द्रव्यं भरपूर असतात, ती उकळत्या पाण्यात उतरतात आणि मग कितीही साखर घातली तरी घशाशी कडवटपणा राहतोच. गर आणि साल दोन्ही ठेवायची. गरात आंबटपणा, सालीत सुगंध.

पाण्याला उकळी आली की तुकडे टाकून आच मंद करायची. चार-पाच मिनिटं, जास्त नाही. मग गॅस बंद, झाकण, आणखी पाच मिनिटं. खळखळून पंधरा मिनिटं उकळलं की सालीचा कडूपणा वर येतो. आपल्याकडच्या चहाची सवय असलेल्यांची चूक इथेच होते, "अजून जरा कडक होऊ दे" म्हणत. बारीक गाळणीने गाळावं. पेल्याला दोन चमचे साखर ही इराकी बाजूची सवय, एका चमच्यातही भागतं. भांडं स्टीलचं घ्यावं, ॲल्युमिनियमला आंबटाने धातूची चव लागते. दूध अर्थातच नाही, फाटेल. गाळून उरलेल्या तुकड्यांचा दुसरा चहा करू नये: आंबटपणा पहिल्या पाण्यात गेलेला असतो, उरतो तो कडवटपणा. उन्हाळ्यात हाच अर्क गार करून बर्फावर घेतला तर कोकम सरबताशेजारी मानाने बसेल.

पोट बिघडलं की इराकी घरांत हा चहा हमखास करतात. औषध म्हणून मी तो सुचवत नाही, पण जड जेवणानंतर तोंड साफ करायला तो छान.

घरी लूमी करता येते का? येते. कागदी लिंबं मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळून, निथळून, कडक उन्हात कोरडी खडखडीत होईपर्यंत ठेवायची. तीन-चार आठवडे धरा. विदर्भाच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे जमण्यासारखं आहे. अडचण एवढीच की नेमकं त्याच दिवसांत लिंबू महाग असतं. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत बाहेरून वाळलेली दिसतात आणि आतून बुरशी धरतात. त्यापेक्षा आखातातून येणाऱ्या कुणाला शंभर ग्रॅम आणायला सांगावं. त्यात पंधरा-वीस तरी लूमी येतात आणि हवाबंद डब्यात वर्षभर राहतात. फक्त पिशवीत घालण्याआधी त्यांनी एकेक हलवून बघावी.