डार्कटेबल: विंडोजवरून लिनक्स मिंटवर, एडिटिंगसकट

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि स्टुडिओतला माझा जुना डेस्कटॉप विंडोज ११ ला चालणारा नव्हता. जळगावहून नवीन मशीन असेंबल करून आणलं आणि त्यात लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं. अमळनेरला लग्नं, साखरपुडे, सखाराम महाराजांच्या रथाचे फोटो काढतो मी. २०१८ पासूनचं सगळं रॉ एडिटिंग, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या कच्च्या फाइलींवरचं काम, डार्कटेबलमध्ये आहे. फुकट सॉफ्टवेअर, विंडोजवर चालतं तसंच लिनक्सवरही, म्हणून त्याची चिंता नव्हती. धास्ती होती ती इतक्या वर्षांच्या कामाची.

आईने तर मशीन उघडलेलं बघूनच विचारलं, "कानबाईना फोटू गयात का रे भाऊ?"

कानबाई ही आमच्या खानदेशातली देवी. २०१९ च्या श्रावणातला, तिच्या रोटाच्या (नैवेद्याच्या) रात्रीचा आजीचा फोटो आहे आमच्याकडे. उजेड फक्त समईचा, आयएसओ ६४००, म्हणजे फोटोत दाणे भरपूर. आजीच्या हातावरची हळद रॉमध्ये पार केशरी दिसत होती आणि नऊवारीचा हिरवा काळपट. व्हाइट बॅलन्स (रंग जुळवणं), डीनॉइज (दाणे काढणं) आणि चेहऱ्यापुरता मास्क (तेवढ्याच भागावर बदल), यात माझी अख्खी संध्याकाळ गेली होती. पुढच्या वर्षी आजी नव्हती. ते काम पुन्हा तसंच जमेल असं मला वाटत नाही.

डार्कटेबल मूळ रॉ फाइलला हात लावत नाही. तुम्ही जे जे करता ते फोटोशेजारी त्याच नावाच्या छोट्याशा एक्सएमपी फाइलमध्ये लिहून ठेवतं. शिवाय सगळ्या फोटोंची एक लायब्ररी असते, ती वेगळीकडे. हा फरक मला आधी नीट कळला असता तर दोन दिवस वाचले असते.

पहिली चूक घाईची. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये डार्कटेबल दोन प्रकारे मिळतं, सिस्टिम पॅकेज (मिंटचं स्वतःचं) आणि फ्लॅटपॅक (वेगळं येणारं, नव्या आवृत्तीचं). मी पहिलं दिसलं ते टाकलं. ते ४.६ निघालं आणि विंडोजवर माझ्याकडे ५ च्या पुढचं होतं. नव्या आवृत्तीची लायब्ररी जुनी आवृत्ती उघडतच नाही. ते काढून फ्लॅटपॅक घेतलं, विंडोजवरची लायब्ररी उघडली, आणि प्रत्येक फोटोच्या जागी कवटीचं चिन्ह! छातीत धस्स झालं. प्रत्यक्षात फोटो जागेवरच होते. लायब्ररी त्यांना डी ड्राइव्हवर शोधत होती आणि लिनक्समध्ये डी ड्राइव्ह नावाची भानगडच नाही. एकेका फोल्डरला नवी जागा दाखवता येते, पण माझे फोल्डर चारशेच्या वर.

मग ती लायब्ररी बाजूला ठेवली, रिकामी सुरू केली आणि फोटोंचं मुख्य फोल्डर उपफोल्डरांसकट इम्पोर्ट केलं. डार्कटेबलने शेजारच्या एक्सएमपी वाचल्या आणि स्टार, रंगीत लेबलं, क्रॉप, मास्क, सगळं जिथल्या तिथे आलं. 'कानबाई' हा देवनागरी टॅगसुद्धा एकही काना न हलता. आजीचा फोटो उघडून हळदीचा रंग बघितला, मग आईला हाक मारली.

तुम्ही हे करणार असाल तर जुनं मशीन विकण्याआधी प्रेफरन्सेसमध्ये एक्सएमपी लिहिणं चालू आहे का ते बघा. बंद असेल तर लाइटटेबलमध्ये (डार्कटेबलमध्ये सगळे फोटो एकत्र दिसतात तिथे) सगळे फोटो निवडून साइडकार, म्हणजे याच एक्सएमपी फाइल, लिहायला सांगा. आणि फोटो कॉपी करताना फक्त रॉ उचलू नका, पूर्ण फोल्डर उचला. स्वतः बनवलेल्या स्टाइल (साठवून ठेवलेली एडिटिंगची सेटिंग) एक्सएमपीमधून येत नाहीत, त्या वेगळ्या एक्सपोर्ट कराव्या लागतात. माझ्या लग्नाच्या हळदीच्या दोन स्टाइल मी जुनं मशीन पुन्हा जोडून आणल्या.

एडिटिंगसाठी डार्कटेबलला माझे पाचपैकी पाच. शिकायला वेळ लागतो, मॉड्यूल भरपूर आहेत, पण इतकी वर्षं वापरून मी हे मनापासून सांगतो. अल्बमवाल्यांनी मात्र विचार करून उडी घ्या. आपली सगळी पानं पीएसडीत (फोटोशॉपच्या फाइलींत) असतात आणि फोटोशॉप लिनक्ससाठी निघतच नाही. म्हणून जुना डेस्कटॉप मी इंटरनेट काढून कोपऱ्यात ठेवलाय. फोटो नव्यावर तयार होतात, पेनड्राइव्हने जुन्यावर जातात आणि पानं तिथे लागतात.