कारवानी पिल्लाचे एक वर्ष : लातूर जिल्ह्यातील एका श्वानपालकाकडील खरेदीचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर चाकूर तालुक्यातील एका श्वानपालकाकडून आम्ही कारवानी जातीचे दोन महिन्यांचे नर पिल्लू 12,000 रुपयांना घेतले. त्याचे आई-बाप समोर पाहायला मिळाले, पिल्लू निरोगी निघाले, आणि लांब तोंड, खोल छाती व बारीक कंबर ही जातीची लक्षणे आता त्याच्यात स्पष्ट दिसतात. जनावराबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्यासोबत न मिळालेल्या माहितीबद्दल.

कारवानी हा वासाने माग काढणारा नव्हे, तर नजरेने सावज हेरून त्यामागे धावणारा कुत्रा आहे. आमच्या भागात ही जात आणि कानाशेपटीला लांब केस असलेली पश्मी पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली, ती माळरानावरील सशाच्या शिकारीसाठी. सुगी झाल्यावर माझे आजोबा पहाटे अशी दोन कुत्री घेऊन रानात जात. पुढे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, माळ नांगरून तेथे पिके उभी राहिली, आणि आमच्या पिढीतील मुले शिक्षणासाठी लातूर-पुण्याला गेली. शिकार थांबली हे योग्यच झाले, असे मी मनापासून मानतो. परंतु हे कुत्रे कसे वाढवावे याची जाणही तिच्यासोबत घराबाहेर गेली, आणि ती उणीव विकणाऱ्याने भरून काढावी अशी माझी अपेक्षा होती.

विक्री पाहणारा तरुण मुलगा रंग, उंची आणि प्रदर्शनातील बक्षिसे यांविषयीच बोलला. लसीकरणाच्या कार्डावर तारखा नव्हत्या. त्यासाठी तीनदा फोन करावा लागला. ‘रानडुकरालाही भारी पडेल’ हा त्याचा दावा तर धोकादायक आहे, कारण या कुत्र्याची कातडी पातळ असते आणि डुकराच्या सुळ्यापुढे ती टिकत नाही. शिवाय हरणामागे कुत्रा सोडणे ही गंमत नाही. कायद्याच्या व्याख्येत शिकारीचा प्रयत्नसुद्धा शिकारच ठरतो, हे गिऱ्हाइकाला सांगायला हवे होते.

खरी शिकवण मिळाली ती ओट्यावर बसलेल्या त्याच्या आजोबांकडून. त्यांनी शिकार सोडून कित्येक वर्षे झाली आहेत, तरी तासभर त्यांनी एकेक गोष्ट समजावली: वर्षाचा होईपर्यंत कडक जमिनीवर दमवू नये, पोट भरलेले असताना पळवू नये, रानातून आल्यावर बोटांतील कुसळे पाहावीत, ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून द्यावी आणि लहानपणापासून शेळ्या-कोंबड्यांत वावरू द्यावे. ‘‘पळायला कुणी शिकवायचं नसतंय, सशामागं लागलेलं कुत्रं हाकेला माघारी आलं पाहिजे,’’ असे ते म्हणाले. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही हाकेसाठी एकच शब्द ठरवला आणि घरातील सर्वांनी तोच वापरला. आता आमचा कुत्रा हरभऱ्यात हरीण दिसले तरी हाकेसरशी बहुतेक वेळा थांबतो. अजूनही चुकतो, म्हणून बांधाबाहेर त्याला दोरीशिवाय नेत नाही.

पिल्लाची किंमत मला वाजवी वाटते. कार्ड मात्र पैसे देण्यापूर्वी तपासून घ्यावे, आणि शक्यतो सकाळी जावे. दुपारनंतर आजोबा शेतावर जातात.