जुनी वेगवान गाडी: टर्बो की बिनटर्बो?

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. त्याचा धक्का पाठीला जाणवतो, हे खरंच. पण त्याचं चाक मिनिटाला १ लाखाहून जास्त फेरे घेतं आणि सगळा भार ऑइलच्या पातळ थरावर. जोरात पळवून लगेच इंजिन बंद केलं की तिथलं ऑइल करपतं, बेअरिंग झिजतं. म्हणून बंद करण्याआधी गाडी मिनिटभर आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसती चालू ठेवायची. शिवाय वयानुसार रबरी होज कडक होऊन तडकतात, मग हवेची गळती शोधण्यात सुट्टीचा दिवस जातो.

बिनटर्बोत ही भानगड नाही. ताकद मात्र वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला जास्त फेरे घेत असतानाच. दोन्हींपैकी कुठल्याही इंजिनात टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा) असेल तर तो किलोमीटर कमी झाले असले तरी वर्षं मोजून बदलायचा. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह वाकतात. रोजच्या वापराला मी बिनटर्बोच घेईन. मन टर्बोकडे ओढतं, ते वेगळं.