वंशावळीच्या नावाखाली सासऱ्यांना 18 हजारांचा चुना

नाशकात कोणी 'तुमच्या पूर्वजांचे जुन्या मोडी लिपीतले कागद काढून देतो' म्हणत भेटलं तर आधी हे वाचा.

सासऱ्यांच्या पणजोबांचे थोरले भाऊ ऐन विशीत गेले, लग्नही झालं नव्हतं, घरात एवढंच माहीत. मूळ गाव निफाड तालुक्यात. रिटायर झाल्यापासून सासरे याच एका माणसाच्या मागे, कसे गेले, कशाने गेले. आता 2023 ला जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदी शोधायला सरकारने शिंदे समिती नेमली तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आलाय, त्यात प्रामाणिक माणसं भरपूर आहेत पण त्यांच्या आडून भामटेही सुटलेत. आमचा भेटला गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, रामकुंडाजवळच, गळ्यात आयडी कार्ड, टॅबमध्ये जुन्या वह्यांचे फोटो, तोंडात साखर. आधी पाच हजार 'सर्च फी', मग 'रेकॉर्ड रूमवाल्याला द्यावे लागतात' म्हणून अजून, असं करत करत 18 हजार, सगळे यूपीआयवर, पावती मागितली की 'काका, विश्वास नाही का?'

शेवटी कागद आला. चहाचं पाणी लावून पिवळा केलेला, वर मोडी, खाली बाळबोधीत (आपल्या नेहमीच्या देवनागरीत) मजकूर की हे 1857 ला इंग्रजांविरुद्धच्या भागोजी नाईकांच्या बंडात नांदूर शिंगोट्याला लढताना पडले. सासरे हवेतच, सगळ्या भावकीला फोन! मी सहज तारीख बघितली तर 'शके 1779, प्रभव नाम संवत्सर, जिल्हा नाशिक'. शके 1779 म्हणजे 1857 बरोबर, पण संवत्सर म्हणजे पंचांगातलं वर्षाचं नाव, ते तेव्हा पिंगल होतं, प्रभव आलं त्यानंतर दहा वर्षांनी. आणि नाशिक जिल्हा झालाच मुळी 1869 ला. ओळखीच्या एका मोडीवाल्या सरांनी तर बघताक्षणी हातच जोडले, म्हणाले कॉम्प्युटरचा फॉन्ट आहे हा, प्रत्येक 'क' छापल्यासारखा सेम, आणि शब्दाशब्दात जागा सोडलीये, मोडी बोरूने लिहिणारा आधी आख्खी रेघ ओढून घ्यायचा आणि खाली सलग लिहीत सुटायचा.

तरुणपणी गेलेला माणूसच हे लोक का धरतात माहितीये? मूलबाळ नाही, जमिनीच्या कागदावर नाव चढलेलं नाही, मग काहीही चिकटवा, खोटं ठरवणार कोण.

खरं शोधायचं तर आपल्या गावाचे क्षेत्रोपाध्ये (तीर्थावरचे पुरोहित) कोण ते पंचवटीत विचारा, गाव आणि आडनाव सांगितलं की पत्ता लागतो. त्यांच्या नामावळीत, म्हणजे यजमानांच्या नावांच्या वहीत, तीर्थाला किंवा अस्थी घेऊन आलेला माणूस बाप, आजा, भाऊ, मुलं अशी नावं लिहायचा. त्यामुळे अशा लवकर गेलेल्याचं नाव त्याच्यापेक्षा भावाच्या नोंदीत शोधायचं. पान तिथेच डोळ्यांनी बघा, वहीतलं पान कोणी सुटं काढून विकत नाही. मृत्यूची नोंद हवी असेल तर तहसीलमध्ये कोतवाल बुकासाठी (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीसाठी) अर्ज करा, शिक्क्याची नक्कल मिळते. फार जुन्या सालाची सापडेलच असं नाही, पण त्यासाठी कुठल्या मधल्या माणसाची गरज नाही.

त्याचा नंबर आता बंद. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार केलीये, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट होते म्हणून निदान काही दाखवता तरी आलं. सासऱ्यांनी कागद फ्रेम करायला टाकला होता, तेवढी ऑर्डर कॅन्सल केली.