एका घरातील तीन वर्ण आणि बडोद्यातील दोन लेझर क्लिनिक

आमच्या घरात आम्ही तिघी आहोत आणि तिघींचे वर्ण तीन आहेत. जाऊबाई घाऱ्या डोळ्यांच्या, दांडिया बाजारातून भाजी घेऊन येईपर्यंत उन्हाने लालबुंद होणाऱ्या. मी गव्हाळ, आणि चाळिशीनंतर दोन्ही गालांवर वांग उमटलेली. आणि माझी चोवीस वर्षांची मुलगी तिच्या वडिलांसारखी चांगली सावळी. गेल्या दीड वर्षात आम्ही बडोद्यातील दोन क्लिनिकमध्ये, मुख्यतः नको असलेले केस काढण्याच्या, लेझरसाठी खेपा घातल्या. एका ठिकाणी मुलीचे हात पोळले आणि दुसऱ्या ठिकाणी तिच्या हनुवटीवरचे केस खरोखरच कमी झाले, म्हणून दोन्ही अनुभव एकत्र लिहीत आहे. नावे मुद्दाम दिलेली नाहीत. पोळवणाऱ्यांशी भांडत बसण्याची इच्छा नाही, हे एक कारण. आणि दुसरे अधिक महत्त्वाचे कारण असे की यंत्र बदलले किंवा ते चालवणारा हात बदलला, की त्याच पाटीखाली वेगळा अनुभव येऊ शकतो.

पहिले क्लिनिक आम्ही निवडले ते नवरात्रीच्या सवलतीमुळे. गरब्याच्या आधीचे दोन महिने बडोद्यात अशा जाहिरातींचा पाऊसच पडतो, आणि दोन्ही हातांचे सहा सिटिंग ९,९९९ रुपयांत मिळत आहेत म्हटल्यावर मुलीने पैसे भरूनही टाकले. तपासणी अशी झालीच नाही. काउंटरवरच्या मुलीने हाताकडे एक नजर टाकली, जेल लावले आणि चौकोनी काचेचे टोक असलेले यंत्र फिरवायला सुरुवात केली. पहिल्या खेपेस काही जाणवले नाही, म्हणून दुसऱ्या खेपेस ‘पॉवर’ वाढवण्यात आली. त्या संध्याकाळी तिच्या दोन्ही हातांवर फरशीवर लाद्या बसवाव्यात तसे तपकिरी आयत उमटले, त्यांतल्या दोन-तीन ठिकाणी फोड आले आणि पुढे खपल्या धरल्या. त्या वर्षीचा गरबा ती पूर्ण बाह्यांची चोळी घालून खेळली. डाग पूर्ण मावळायला आठ महिने लागले. कोणते यंत्र होते आणि किती ऊर्जा दिली होती, हे विचारायला मी गेले, तेव्हा ‘बधुं ऑटोमॅटिक छे, बेन’ (सगळे आपोआप होते, ताई) एवढेच उत्तर मिळाले. उरलेल्या चार सिटिंगचे पैसेही परत मिळाले नाहीत.

मी अनेक वर्षे उच्च माध्यमिक वर्गांना भौतिकशास्त्र शिकवले आहे, आणि तरीही हा प्रश्न पैसे भरण्याआधी विचारला नाही, याची मला आजही लाज वाटते, कारण यातले विज्ञान अवघड नाही. केस काढणाऱ्या लेझरचा प्रकाश केसातील मेलॅनिन, म्हणजे केसाला आणि त्वचेला रंग देणारे द्रव्य, शोषून घेते, त्याची उष्णता होते आणि ती केसाच्या मुळाला इजा करते. पण तेच मेलॅनिन त्वचेच्या वरच्या थरातही असते, आणि प्रकाशाला केसातले मेलॅनिन आणि कातडीतले मेलॅनिन यांत काही भेद करता येत नाही. गोऱ्या त्वचेत वरच्या थरात ते थोडे असते, म्हणून बराचसा प्रकाश थेट मुळापर्यंत जातो. सावळ्या त्वचेत तो वाटेतच अडतो आणि अडतो तिथेच भाजतो. यावरचा उपाय म्हणजे तरंगलांबी वाढवणे. तरंगलांबी जशी वाढते तसे मेलॅनिन प्रकाश कमी शोषते आणि प्रकाश अधिक खोल जातो. अलेक्झांड्राइट लेझर ७५५ नॅनोमीटरचा, डायोड साधारण ८१० चा आणि एनडी-यॅग १०६४ चा असतो. गडद त्वचेसाठी यांतला शेवटचा सर्वांत सुरक्षित मानला जातो. मुलीच्या हातांवर जे फिरले ते यांपैकी काहीच नव्हते. ते आयपीएल होते, म्हणजे लेझरच नव्हे, तर अनेक तरंगलांबींचा एकत्र झोत टाकणारा दिवा. बिलावर मात्र ‘लेझर’ असे लिहिलेले होते. हे आम्हाला कळले ते दुसऱ्या क्लिनिकमधील डॉक्टरबाईंनी डागांचा चौकोनी आकार पाहिल्यावर.

हे दुसरे क्लिनिक अलकापुरीत आहे, आणि खरे परीक्षण त्याचेच आहे. पहिल्या भेटीत यंत्राच्या खोलीचे दारही उघडले गेले नाही. त्वचारोगात एम.डी. असलेल्या डॉक्टरबाई सुमारे पंचवीस मिनिटे फक्त प्रश्न विचारत होत्या. पाळी नियमित येते का, मुरुमांच्या गोळ्या अलीकडे घेतल्या होत्या का, जखमेचा व्रण जाड होऊन वर येतो का, शेवटचे थ्रेडिंग कधी केले, मेडिकलच्या दुकानातून आणलेली कोणती ट्यूब तोंडाला लावता का, ॲक्टिव्हावर उन्हात किती वेळ जातो. यांतल्या प्रत्येक प्रश्नामागे कारण होते आणि विचारल्यावर त्या ते सांगतही होत्या. उदाहरणार्थ, थ्रेडिंग किंवा वॅक्सिंगने केस मुळासकट निघतो आणि मग लेझरला उष्णता पोहोचवायला मूळच उरत नाही, म्हणून आधीचे चार आठवडे फक्त रेझर चालतो. हनुवटीवर रेझर फिरवायला मुलगी महिनाभर कुरकुरत होती, पण तिने ते केले.

त्वचेचा वर्ग ठरवताना त्यांनी फिट्झपॅट्रिक यांची श्रेणी वापरली. हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये ती मांडली, तेव्हा तिच्यात केवळ गोऱ्या त्वचेचे चार वर्ग होते. तपकिरी आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा आणि सहावा वर्ग नंतर जोडला गेला. आपल्याकडच्या लग्नाच्या बायोडेटातली गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा ही श्रेणी तिच्यापेक्षा जुनी खरी, पण ती डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाची आहे. फिट्झपॅट्रिक यांचा प्रश्न असा असतो की उन्हात गेल्यावर तुमची त्वचा भाजते की रापते. जाऊबाई तिसऱ्या वर्गात, मी चौथ्या आणि मुलगी पाचव्या वर्गात बसली.

ही भेट उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीनंतर, आठवडाभराने झाली होती. दोन दिवस गच्चीवर पतंग उडवले का, असे डॉक्टरबाईंनी मुलीला विचारले आणि तिने मान डोलावताच आम्हाला सनस्क्रीन लिहून देऊन एक महिन्यासाठी घरी पाठवले. रापलेल्या त्वचेत मेलॅनिन वाढलेले असते, त्यामुळे तिच्यावर पॅच टेस्ट, म्हणजे छोट्याशा जागेवरची चाचणीसुद्धा करायची नाही, हा त्यांचा नियम. त्या दिवशी त्यांनी तपासणीचे ६०० रुपये तेवढे घेतले. माझ्या लेखी या क्लिनिकची पहिली शिफारस हीच आहे.

महिन्याने जबड्याखाली, कानाजवळ, तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या ऊर्जेचे ठिपके देण्यात आले. त्वचा काळवंडायची असेल तर ती लगेच काळवंडेलच असे नाही, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावून ते ठिपके भिंगातून पाहिले, आणि मगच मार्चमध्ये पहिले सिटिंग झाले. मुलीसाठी १०६४ चा एनडी-यॅग वापरला. झोताचा कालावधी लांब ठेवला होता, म्हणजे त्वचेला मध्ये निवायला अवधी मिळतो, आणि यंत्राबरोबर थंड हवेची नळी सतत चालू होती. डोळ्यांवर दोघींच्याही चष्मे होते. वेदना मात्र होते, ती नाकारण्यात अर्थ नाही. ताणलेला रबर कातडीवर सोडावा तसा प्रत्येक ठोका बसतो, आणि हनुवटीवर तो जरा जास्तच झोंबतो. जळक्या केसांचा वास खोलीत भरून राहतो. घरी आल्यावर दोन-तीन तास लाली राहिली, बर्फाच्या पाण्याचा कपडा ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मुलगी कामावर गेली.

पाच-सहा आठवड्यांच्या अंतराने सात सिटिंग झाली. अंतर ठेवण्याचे कारण असे की कोणत्याही वेळी काही केसच वाढीच्या अवस्थेत असतात आणि लेझरचा परिणाम मुख्यतः त्यांच्यावरच होतो. बाकीचे विश्रांती घेत असतात, ते पुढच्या खेपेस सापडतात. नोव्हेंबरपर्यंत हनुवटीवरचे राठ केस निम्म्याहून बरेच कमी झाले, आणि जे उरले ते मऊ आणि फिके आहेत. डाग एकही पडला नाही. ‘कायमचे केस जातील’ असे या क्लिनिकमध्ये कोणीही म्हटले नाही; औषधे आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनेही लेझरला मान्यता दिली आहे ती केस कायमचे कमी करण्यासाठी, कायमचे नाहीसे करण्यासाठी नव्हे, असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. मुलीला पीसीओडी, म्हणजे अंडाशयाशी संबंधित हार्मोनचा बिघाड, आहे, त्यामुळे हार्मोन नवे केस आणत राहतील आणि वर्षातून एखादे सिटिंग लागेल, हेही सांगितले आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली.

जाऊबाईंचा अनुभव वेगळा आणि माझ्या मते थोडा बोधप्रद आहे. आपण गोऱ्या, तेव्हा आपले काम चुटकीसरशी होईल, अशी त्यांची खात्री होती. गोऱ्या त्वचेला अधिक ऊर्जा सोसते हे बरोबरच आहे, पण लेझरला पकडायला केसही काळा लागतो. त्यांच्या ओठांवरची लव बारीक आणि तपकिरी, आणि हनुवटीवरचे चार केस पूर्ण पांढरे. पांढऱ्या केसात मेलॅनिन नसल्याने लेझरला तो असून नसल्यासारखा. त्या चार केसांसाठी थ्रेडिंग पुरे, असे डॉक्टरबाईंनी सरळ सांगितले. गालांवरची लव काढायला मात्र त्यांनी साफ नकार दिला, कारण चेहऱ्यावरच्या बारीक लवेवर लेझर मारल्याने काही स्त्रियांमध्ये ती उलट दाट आणि राठ होते. जाऊबाई दोन दिवस रुसल्या होत्या. डायोडच्या सहा सिटिंगनंतर ओठांवरची लव कमी झाली, पण खर्चाच्या मानाने नाही, हे त्या स्वतःच म्हणतात.

माझ्या वांगावर येथे लेझर झालाच नाही. पहिल्या क्लिनिकने मला ‘लेझर टोनिंग’च्या, म्हणजे डाग फिके करण्यासाठी कमी ऊर्जेचा लेझर पुन्हा पुन्हा फिरवण्याच्या, दहा सिटिंगचे पॅकेज सुचवले होते, आणि मी ते घेण्याच्या बेतात होते. येथे डॉक्टरबाईंनी वांग भिंगातून पाहिला आणि सांगितले की वांगावर लेझर हा पहिला उपाय नव्हे. उष्णतेने तो भडकू शकतो, गेला तरी परत येतो, आणि टोनिंग पुन्हा पुन्हा केल्याने आपल्या वर्णाच्या त्वचेवर पांढरे ठिपकेही पडू शकतात. त्यांनी रात्री लावायचे मलम मोजक्या आठवड्यांसाठी दिले आणि दिवसा रंगीत सनस्क्रीन लावायला सांगितले. त्यातील आयर्न ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवते, आणि वांग गडद होण्यात त्या प्रकाशाचाही हात असतो. वांग गेलेला नाही, पण फिका झाला आहे. गोरेपणाची अपेक्षा ठेवून येणाऱ्यांनाही त्या असेच परत पाठवतात, असे प्रतीक्षा करताना दोनदा कानांवर पडले.

प्रतीक्षा मात्र फार करावी लागते, आणि येथून तक्रारी सुरू होतात. वेळ घेऊनही आम्ही दर खेपेस पाऊण ते दीड तास बसलो. संमतीपत्र केवळ इंग्रजीत आहे. जाऊबाईंनी न वाचताच सही केली असती, मी वाचून दाखवले म्हणून त्यांना त्यातल्या शक्यता कळल्या. बडोद्यात हे गुजरातीत आणि मराठीत असायला काय हरकत आहे, हे मला समजत नाही. चौथ्या सिटिंगला डॉक्टरबाई दुसऱ्या खोलीत असताना सहायक मुलीने मागची नोंद न पाहताच यंत्र हातात घेतले, तेव्हा मला तिला थांबवावे लागले. पुढे काही बिघडले नाही, पण ज्या क्लिनिकची सगळी भिस्त नोंदीवर आहे, तेथे हे घडायला नको होते. हनुवटी आणि ओठ मिळून एका सिटिंगचे २,४०० रुपये पडतात, म्हणजे सात सिटिंगचे १६,८०० झाले. हे स्वस्त नाही, पण पॅकेजची सक्ती नाही आणि दर खेपेस तेवढेच पैसे भरता येतात.

मुलीला आता पुण्यात नोकरी लागली आहे. शेवटच्या भेटीत मी तिची नोंद मागितली, तेव्हा काउंटरवरून दहा मिनिटांत एक पान छापून मिळाले: त्वचेचा वर्ग, यंत्र, तरंगलांबी, प्रत्येक खेपेची ऊर्जा, झोताचा कालावधी, ठोक्याचा आकार, आणि शेवटी हाताने लिहिलेली एक ओळ, की आयपीएलने हातांवर डाग पडले होते, नव्या यंत्रावर आधी पॅच टेस्ट करावी. ते पान तिने तिच्या सामानात आधार कार्डाच्या पाकिटात ठेवले आहे.