लेकीचं प्राण्यांचं शिबिर: बऱ्याच महिन्यांनंतर लिहिलेला अनुभव

शिबिर संपल्या संपल्या लिहिलेल्या अभिप्रायांवर माझा फारसा विश्वास नाही. पोर उन्हात रापून, खूश होऊन घरी येतं, ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडलेला असतो आणि आपण पाच तारे देऊन मोकळे होतो. म्हणून मुद्दाम थांबले. लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. मे २०२४ मध्ये ती हालोलच्या पुढे, जांबुघोड्याच्या बाजूला एका शेतावरच्या मुक्कामी शिबिराला जाऊन आली. आता जानेवारी संपत आलाय. शिबिराचं नाव देत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत.

सासूबाईंचा पहिला प्रश्न रास्त होता: बडोद्याच्या मुलीला प्राणी दाखवायला पैसे कशाला मोजायचे? सयाजीरावांनी १८७९ साली केलेली कमाटी बाग आहे, त्यात प्राणिसंग्रहालय आहे. हिवाळ्यात विश्वामित्रीच्या पुलावर थांबलं तर काठावर ऊन खात पडलेल्या मगरी फुकट दिसतात. गायी तर दांडिया बाजारात रिक्षांना वाट देत नाहीत. तेव्हा ‘किती प्रकारचे प्राणी बघायला मिळतील’ हा निकष आम्ही पहिल्याच दिवशी काढून टाकला. गंमत अशी, की बहुतेक माहितीपत्रकांत नेमकं तेच मोठ्या अक्षरांत असतं.

एका ठिकाणी ‘साप हातात घेण्याचा थरार’ होता, दुसरीकडे पिंजऱ्यातल्या पोपटांसोबत फोटो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली साप पकडून त्याचे खेळ करता येत नाहीत, आणि आपला साधा हिरवा राघूसुद्धा घरात पाळता येत नाही. हे ज्यांना माहीत नाही किंवा माहीत असून चालतं, त्यांच्याकडे मूल रात्री झोपायला ठेवणार नाही, इतकं साधं गणित.

उरलेल्यांना फोन करून एकच प्रश्न विचारला: मे महिन्यात दुपारी तुमचे प्राणी कुठे असतात? एका बाईंनी ‘दिवसभर ॲक्टिव्हिटीज चालू असतात’ असं उत्साहाने सांगितलं. म्हणजे बेचाळीस अंशांत घोडं पोरांना घेऊन गोल गोल फिरणार! आम्ही निवडलेल्या ठिकाणच्या काकांनी गुजरातीत जरा वैतागूनच सांगितलं, की सकाळी साडेसातनंतर घोड्यावर खोगीर चढत नाही, गुरं कडुनिंबाखाली असतात आणि दुपारी मुलांनीही गुपचूप पडायचं. शिबिर नसतं तेव्हा? ‘तेव्हा काय, दूध डेअरीला जातं.’ ते ऐकून यांनी लगेच पैसे भरले. शिबिरासाठी जनावरं आणलेली नाहीत, जनावरांच्या घरी शिबिर भरतं, हा फरक माझ्या मते फीपेक्षा मोठा आहे. फी दहा-अकरा हजारांच्या घरात होती, जाण्यायेण्याची बस धरून.

रात्रीबद्दल मी जास्त खोदून विचारलं. बाकीच्यांच्या फोटोत जमिनीवर तंबू होते. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसांना चावते आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. त्यामुळे खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी यांवर तडजोड नव्हती. इथे दोन्ही होतं. प्रतिविष असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, याचं उत्तरही त्यांना आठवावं लागलं नाही. मात्र संडास लांब. रात्री जायचं तर ताईला उठवायचं, आणि आमची लाजाळू पोरगी पहिल्या रात्री धरून बसली. हे आधी कळलं असतं तर तिला समजावून पाठवलं असतं.

शिकवलं काय, तर कामं. सगळ्यात जास्त रमली ती गोठ्यात. गीर गायी होत्या, फुगीर कपाळाच्या, पानासारख्या लांब कानांच्या. वासराला आधी पाजू द्यायचं, गायीने पान्हा सोडला की मग धार काढायची. अंगठा मुडपून ओढायचं नाही, अख्ख्या मुठीने दाबायचं, नाहीतर सडाला इजा होते. तीन दिवस तिच्या भांड्यात जेमतेम तळ झाकेल इतकं दूध पडलं आणि ती रागाने रडली. कोणी तिच्यासाठी भांडं भरून दिलं नाही, हे मला आवडलं. घोडे काठियावाडी, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकणारे. स्वारी रोज दहा मिनिटं असेल-नसेल, खरारा अर्धा तास. ज्यांची मुलं ‘हॉर्स रायडिंग शिकून येतील’ या आशेने गेली होती, ते पालक नाराज झाले. एका संध्याकाळी गावातल्या राठवा आदिवासी कलाकाराने पिठोऱ्याचे, म्हणजे त्यांच्या पारंपरिक भित्तिचित्रांतले घोडे काढून दाखवले. लेकीने काढलेला निळा घोडा अजून आमच्या फ्रिजवर आहे. पहाटेचं पक्षिनिरीक्षण ठीकठाक. दुर्बिणी दोन आणि मुलं पंचवीस. पण रात्री रातवा पक्ष्याचा ‘चक-चक-चक’ आवाज ओळखायला ती शिकली.

आता तक्रारी. सशांचा विभाग मला पटला नाही. ससा उष्णता सोसू शकत नाही, तीस अंशांपलीकडे त्याचे हाल व्हायला लागतात. आणि इथे पत्र्याच्या शेडमध्ये पाच-सहा ससे, पंचवीस मुलांच्या हातांतून फिरणारे. घोड्यांना जो नियम लावला तो सशांना का नाही? मी तसं लिहून कळवलं. उत्तर आलं, ‘लहान मुलांना आवडतात.’ दुसरं म्हणजे फोटो. दिवसाला शंभर. शिबिरातल्या ताया मुलांकडे बघणार की कॅमेऱ्याकडे? (मागणी पालकांचीच असते, हेही खरं.) आणि घरी आल्यावर कानामागे गोचीड सापडली. चिमट्याने अलगद काढली, काही झालं नाही. पण गुरांत राहून आलेल्या मुलाचं डोकं, काखा, कानामागे तपासा, एवढं त्यांनी निघताना सांगायला हवं होतं.

आणि आता ज्यासाठी थांबले होते ते. ‘मला कुत्रा हवा’ हे प्रकरण महिनाभर चाललं, मग थंडावलं. टिकलं ते वेगळंच. गल्लीतलं कुत्रं खात असेल, झोपलं असेल, पिल्लांजवळ असेल तर ती लांबून जाते, अंगावर आलं तर पळत नाही, उभी राहते. हे शिबिरात रोज घोकून घेत. ओरखडा जरी आला तरी लपवायचं नाही, साबणाने वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुवायचं आणि इंजेक्शनं पूर्ण घ्यायची, हे तिने आजोबांनाही ऐकवलंय. आजोबा हळद लावणाऱ्यांतले.

ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मगरींचे व्हिडिओ फिरत होते आणि खाली ‘मारा’पासून ‘बापरे’पर्यंत सगळं. हिचा प्रश्न, ‘पकडून कुठे सोडणार? परत नदीतच ना? तिथे पाणी ओसरलंय का?’ वन खात्याची आणि स्वयंसेवकांची माणसं मगरी पकडून नेत होती, तेवढं सांगितलं. प्राणी बघून झाल्यावर तो कुठे जातो, हे विचारण्याची सवय तिला गोठ्यातूनच लागली असावी, कारण डिसेंबरात डभोईजवळच्या वढवाणा तलावावर गेलो तेव्हाही तेच. पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात हे सांगितल्यावर ‘मग मे महिन्यात हे कुठे असतील?’ वढवाणा २०२१ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. बडोद्याहून अर्ध्या दिवसात होतं आणि ज्यांना मुक्कामी पाठवायचं नाही त्यांनी आधी तिथेच न्यावं.

धार काढण्याचं कसब मात्र गेलं. दिवाळीत आत्याच्या गावी बसली आणि गायीने पाय झटकला.

यंदा ती पुन्हा जायचं म्हणतेय. पाठवू, पण सशांचं काय केलंत हे विचारून. नव्याने विचार करणाऱ्यांसाठी: आठ वर्षांखालच्या मुलाला मी पाठवणार नाही, आईबाबांशिवाय एखादी रात्र कोणाकडे तरी राहून बघितलेली असावी. धनुर्वाताची लस झालीय का ते तपासा. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि बंद बूट द्या, सँडल नकोत. आणि नोंदणी फेब्रुवारीतच करा, मार्चनंतर जागा मिळते ती मेच्या शेवटच्या आठवड्यातली, तेव्हा उकाड्याने जनावरंही हैराण असतात.